सातवी झडप

सप्टेंबर सरत आला की कुल्डीगात माणसं
हवापाण्याचं बोलत नाहीत, लुकणाचं बोलतात.
नदीवरून धुकं वर चढतं
आणि माळ्यावरून हिवाळी झडपा खाली उतरतात.

आत्याचं घर आता माझ्या नावावर.
शेजारचा इल्गवार्स न बोलावता आला,
वैद्य पोट दाबतो तशी अंगठ्याने चौकट दाबत गेला,
म्हणाला, "लाकूड ठणठणीत आहे. आजारी आहे तो रंग."

खरवडत बसले.
पांढऱ्याखाली तपकिरी,
तपकिरीखाली शाळेच्या बाकाचा हिरवा,
आणि अगदी तळाशी एक निळा
ज्याला आत्या शेवटपर्यंत राखाडी म्हणत राहिली.

मागचं दार अडत होतं. मी रंधा उचलला.
"ओल्या दिवसांत नाही," तो म्हणाला.
"ते फुगलंय, वाढलेलं नाही.
आज तासशील, तर फेब्रुवारीत
त्याच फटीतून वारा येऊन चुलीपाशी बसेल."
मी रंधा खाली ठेवला.
(एका ओल्या वर्षी मी एका माणसाला असंच तासलं होतं.
हे त्याला सांगितलं नाही.)
दाराच्या कडेला नुसतं मेण घासलं.

प्रत्येक झडपेवर पटाशीने कोरलेला आकडा,
तोच आकडा खिडकीच्या चौकटीवर,
कारण हाताने केलेल्या दोन खिडक्या
कधी एकमेकींच्या मापाच्या नसतात.
तीन उभ्या रेघा: स्वयंपाकघर.
पक्ष्याची उघडी चोच: जिना.
मी जवसाचं तेल पाजलं, काचा बसवल्या,
लुकण तळहातावर मळून मऊ केलं, सुरीने ओढलं.
सहा खिडक्या झाल्या.
झडपा सात.

चोच आणि दोन रेघा.
घरभर फिरवली. कुठेच बसेना.

निजायच्या खोलीत कपाट सरकवलं.
भिंतीवर बोटं वाजवत गेले,
एका जागी आवाज बदलला.
वॉलपेपर, त्यामागे फळ्या,
फळ्यांच्या फटींत ठासलेला तागाचा चोथा.

इल्गवार्स पलंगाच्या कडेवर बसला.
"तिकडे ग्रिंटालांचं अंगण होतं.
एकोणपन्नासचा मार्च. रात्री ट्रक आला.
तुझ्या आजोबांची ही एकच खिडकी त्या बाजूला.
दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्या मारल्या.
थंडी येते, म्हणाले."
थोड्या वेळाने: "बाहेर बर्फ वितळायला लागलं होतं."
आणि त्याहून उशिरा, टोपीशी बोलावं तसं:
"आमच्या खिडक्या दुसऱ्या बाजूला होत्या.
निदान माझी आई तसं सांगायची.
मी पाच वर्षांचा. मला खिडक्या मोजता यायच्या."

मी काही बोलले नाही. सातवीलाही तेल पाजलं.
तिची काच पातळ, जुनी, एका जागी पाण्यासारखी हलणारी.
"लुकणाला तीन आठवडे दे," म्हणत तो गेला.
"घाई केलीस तर वरून वाळतं, आत मऊच राहतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पकड घेऊन दारात.
एकेक चूक उपटत होता,
गुडघ्यावर ठेवून सरळ करत होता
आणि माशांच्या रिकाम्या डब्यात टाकत होता.
गंजलेल्या चुका, पंच्याहत्तर वर्षांच्या;
मोजल्या तेव्हा एक्केचाळीस भरल्या.
फेकू दिल्या नाहीत मला.

शेवटची फळी निघाली.
आधी धूळ. मग गार हवा.
मग एक अंगण, आम्हा दोघांच्याही ओळखीचं नसलेलं:
प्लॅस्टिकची खुर्ची, ट्रॅम्पोलीन,
आणि एक मुलगी, जी
उंच येत होती, दिसत होती, नाहीशी होत होती,
पुन्हा येत होती.
तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिनं आम्हाला पाहिलं
आणि हवेतच हात हलवला.

इल्गवार्सचा हात अर्ध्यापर्यंत उठला.
मग चौकटीकडे वळला, बिजागरी चाचपत म्हणाला,
"ही वरची झिजली आहे.
दुसरी माझ्याकडे असेल. घरी जाऊन बघतो."