अस्तर

ऐन लग्नसराईत खणभागातल्या माझ्या दुकानात
एकोणीस ब्लाउज बाकी होते.
हूक लावता लावता जबडा दुखायला लागला.
छाती नाही हो, जबडा,
अक्कलदाढ येते तसा.
मग पाठीत, दोन खवाट्यांच्या मधे,
कुणी इस्त्री ठेवून विसरून गेल्यासारखं.

भरतेशनं ओव्याचं पाणी दिलं.
कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, गॅस.
वय? बेचाळीस. शुगर नाही, बीपी नाही,
बस्तीच्या पायऱ्या रोज चढता ना? मग?
टेन्शन घेऊ नका, त्रिशलाताई.
नाही घेतलं.
घरी येऊन उरलेले चार हूक लावले.

रात्री दीडला गाऊन घामानं निथळत होता.
विश्रामबाग मागं पडलं, रिक्षात मी मोजत होते:
चौगुल्यांची नवरी, तिची आई, दोन मावश्या,
कुणाचा गळा मागून किती खोल.

मिरजेतल्या पोरगेल्या डॉक्टरणीनं
रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला.
मनगटातून नळी सरकवली.
मला वाटलं, निघणार आता चरबी,
सगळ्या तळणाचा हिशोब.
"चरबी नाहीच," ती म्हणाली,
"रक्तवाहिनीचा आतला पदर सुटलाय,
मधे रक्त शिरलंय, वाट दाबली गेलीय.
तुम्ही काय करता?"
शिलाई.
"मग अस्तर म्हणा."

चोवीस वर्षं मी अस्तर आधी भिजवते,
आटू देते, मगच लावते.
नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसतं, वरचं फुगतं,
आणि बाई म्हणते, माझंच अंग वाढलं.

मग शिवून टाका की, म्हटलं.
"हात लावला तर अजून उसवेल.
बहुतेक वेळा आपलं आपण जुळतं.
पडून राहा."

पडून.
सहा दिवस पंखा बघितला.
ब्लाउज दुसरीकडं गेले.
त्यातले तीन बिघडले म्हणे.
बरं वाटलं.

परवा आवट्यांची सून मापाला आली,
बाळ तीन महिन्यांचं.
"काकू, टेप जरा सैल धरा,
कालपासून इथं आवळल्यासारखं होतंय,
हातही जड झालाय.
सासूबाई म्हणतात, दूध साठलंय."

वहीत खांदा लिहिला होता, बाही लिहिली होती.
पुढचं कोरंच राहिलं.
टेप गळ्यात तशीच घेऊन
मी शटर ओढलं
आणि मिरजेकडं जाणाऱ्या रिक्षाला हात केला.