मोडका ळ

स्विंडनला डिसेंबरात चारच्या आधीच अंधारतं.
मी ओट्यावरचा दिवा लावते
आणि साखरेला म्हणते, चल.

पिठीसाखर, अंड्याच्या पांढऱ्याची पावडर, कोमट पाणी.
सुरी ओढली की रेघ दहा आकडे टिकावी,
मग विरावी.
हे कुणी शिकवलं नाही.
पाकाची तार बोटांवर बघणाऱ्या घरातली आहे मी.

सुरुवात नणंदेच्या डोहाळजेवणाला झाली.
चाळीस बिस्किटं: पाळणा, होडी, चंद्रकोर.
चंद्रांना कोपरे आले होते.
तरी लोकांनी आधी फोटो काढले, मग खाल्ली,
आणि एक बाई निघताना कानाशी येऊन म्हणाल्या,
"पैसे घेतेस का गं?"
नाही म्हणाले.
गाडीत मात्र तेच वाक्य चघळत बसले
घर येईपर्यंत.

श्रीरंगने एक्सेल उघडलं.
लोणी, मैदा, वीज, डबे, रिबिनी, माझे तास.
तासाला एक पौंड चाळीस.
बोलला काही नाही,
फक्त तो चौकोन पिवळा करून ठेवला.

कौन्सिलच्या बाई आल्या, मिसेस ट्रेमलेट.
फ्रिजात थर्मामीटर, सिंकखाली टॉर्च.
हिंगाची डबी उघडून हुंगली
आणि फार सभ्यपणे झाकण लावलं.
पाचपैकी पाच.
हिंग तेव्हापासून गराजमध्ये राहतो.

मग नावं यायला लागली.
शॉनची चाळिशी, बर्निसची निवृत्ती,
बिस्कुट नावाच्या कुत्र्याचा वाढदिवस, खरंच.
फलटणला दिवाळीआधी आम्ही रवा-मैदा-तूप
बेकरीत नेऊन द्यायचो नानकटाईला.
भट्टीवाला ट्रेवर आमच्या आडनावाची चिठ्ठी ठेवायचा,
ती कडेने करपून यायची.
नाव तेव्हाही भाजूनच मिळायचं.

एका गृहस्थांनी मात्र सांगितलं, नाव नको.
बायकोच्या दफनानंतर चहाबरोबर द्यायचीत,
तिच्या आवडीच्या शेवंत्या करा.
बहात्तर शेवंत्या.
त्या रात्री रेडिओ लावला नाही.
बिल पाठवलं, कारण त्यांनी बजावलं होतं:
"पाठवाच. तिची उधारी कुठे नसायची."

आणि आता हॅरोहून ही ऑर्डर,
बाळकृष्णकाकांची एकसष्टी,
"मराठीतच लिहायचं हं, एका बिस्किटावर एक अक्षर."
इंग्रजी अक्षरं कशी,
बसच्या रांगेत उभी, अंतर राखून.
आपली एकमेकांच्या मांडीवर.
ष्ण-च्या पोटात आयसिंग दोनदा तुंबलं,
ष्टी-ची वेलांटी घसरली,
शिरोरेघेला तर श्वासच रोखावा लागतो.
रात्री दोनला ळ मधोमध तडकला.

सकाळी सावनी खाली आली, शाळेच्या जंपरमध्ये.
"हा आठ आडवा का पडलाय?"
आठ नाही, ळ.
"ल?"
ल नाही. जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
अर्धा ळ तोंडात होता,
भुगा उडाला टेबलभर.
ल. ड. र. पुन्हा ड.
नऊ वर्षांत हे अक्षर मी तिच्याकडे मागितलंच नव्हतं,
केळ्याला बनाना म्हणून वेळ मारून नेली होती.
उरलेला अर्धा तिने उचलला,
नीट बघितला, उलटा केला, खाल्ला,
आणि घशातून काहीतरी आलं,
ओबडधोबड, पण तेच.

मग थांबेचना.
टेबळ. जंपळ. मिसेस ट्रेमळेट.
दप्तर पाठीला, एक बूट अर्धवट,
फाटकातून ओरडली,
"बाय आई, वेळ झाळी!"

आठ पस्तीस.
दुसरा ळ करायचा होता,
आणि लोणी अजून फ्रिजातच.