इतिवृत्तात नाही

बेकरीच्या वरच्या खोलीत आमची समिती बसते,
एरी सरोवराच्या काठावरल्या गावात,
फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी.
सात खुर्च्या, एक कुरकुरणारा हीटर,
आणि जिन्यावाटे वर येणारा
अक्रोड भरलेल्या पावाचा वास.
मी चिटणीस. बावीस वर्षं इतिवृत्त लिहिते आहे.
मला मत नाही. पेन आहे.

पोल्का वाजवणाऱ्यांचं कीर्तिदालन हे.
भिंतीवर एकेचाळीस फोटो,
एकेचाळीस छात्यांवर एकेचाळीस अकॉर्डियन,
आणि दात सगळ्यांचे
नुकतंच गव्हर्नरला भेटून आल्यासारखे.
यंदा जागा एकच.

लुडविक झुपान : अठरा तबकड्या.
एकाच संध्याकाळी दोन लग्नांत वाजवायचा म्हणे,
दोन्हीकडून आगाऊ पैसे घेऊन.
फ्रान्स्का होचेवार : पोलाद कारखान्याच्या संपात
सतरा रात्री फाटकाशी गात उभी.
तिचं नाव निघालं की अध्यक्ष चष्मा पुसत बसतात.
त्यांचे वडील तेव्हा फाटकाच्या आत होते.

मग स्टान्को उठला, गुडघा धरून.
म्हणाला, विन्को पिर्त्स.
कोण?
विन्को. तळघरातला विन्को.

मेण आणि राळ एका डब्यात वितळवणारा,
भात्याच्या घड्या आतून चिकटवणारा,
पितळी पट्टीवर कानस एकदाच,
एकदाच फिरवून थांबणारा.
लग्न शनिवारी असायचं,
पेटी शुक्रवारी रात्री मरायची,
आणि विन्कोच्या जिन्यावर रांग लागायची
डॉक्टरकडे लागते तशी.
भिंतीवरच्या एकेचाळिसांपैकी
तीस तरी त्याच्या दारात ताटकळले आहेत,
स्टान्को म्हणाला, आणि त्यातले नऊ
पैसे न देताच वारले.

नियम चार, कोणीतरी वाचला :
उमेदवाराचं किमान एक ध्वनिमुद्रण हवं.

स्टान्कोनं पिशवीतून तबकडी काढली.
झुपानचीच. दुसरी बाजू.
सुई टेकली, खरखर, दोन कडवी झाली,
आणि तिसऱ्याआधीच्या इवल्याशा श्वासात
कोणीतरी खोकलं.
हा विन्को, स्टान्को म्हणाला.
एक बटण अडकत होतं, म्हणून तो स्टुडिओत
झुपानच्या पायाशी बसून होता.
परत लावू?

त्यानं परत लावली.
हीटरसुद्धा गप्प राहिला असं मला वाटलं,
पण ते मला वाटलं; मी लिहिलं नाही.

खोकला म्हणजे संगीत नव्हे, अध्यक्ष म्हणाले.
तसं असतं तर या गिरणगावात,
कोणीतरी पुस्ती जोडली,
आपण सगळेच उस्ताद.
हसलो. मीही हसले.
झुपान, चार विरुद्ध तीन.

घरी येऊन आईची पेटी काढली,
सोळा वर्षं कपाटात कोटांखाली होती.
आई बेसूर गाते, असं वडील म्हणायचे,
चर्चमध्येही तिला मागच्या रांगेत धाडत.
पण ही पेटी मांडीवर घेऊन ती गायची तेव्हा
कोणी काही बोलल्याचं आठवत नाही.
पकडीनं खिळे ओढले. भाता सुटला.
आत जुन्या मेणाचा वास, थोडी धूळ,
आणि लाकडावर, जिथं कोणी कधी पाहणार नाही तिथं,
पेन्सिलीनं, बारीक, तिरपं :

मार्च १९५८. मधला सूर केसभर उतरलेला.
बाई तिथंच गाते.
तसाच ठेवला.

खाली सही नाही. दर लिहिलाय : दीड डॉलर.
दिले होते का, कोणाला विचारू.

उद्या इतिवृत्त टंकून पाठवायचं आहे.
उपस्थिती सात, ठराव एक,
सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.
समासात बरीच जागा आहे.
पेन बाजूला ठेवलंय.
पेन्सिल शोधते आहे.