एकवीस मायक्रॉन

तीस वर्षं मी ताक्वारेम्बोच्या गोदामात लोकर पारखली.
दक्षिणेची खिडकी, जाळीचं टेबल,
आणि अंगठा नि पहिलं बोट यांच्यामध्ये
एक झुबका.
एकवीस मायक्रॉन की तेवीस?
प्रयोगशाळेचा कागद आठवड्याने यायचा
आणि माझ्याच शब्दाला मान डोलवायचा.

ही गाठही आधी बोटांनीच धरली,
जूनमध्ये, अंघोळीच्या गरम पाण्याखाली.
डॉक्टर इरिगोयेन म्हणाल्या,
आधी औषध, मग सुरी. आक्रसली तर थोडंच कापू.
आणि गाठीच्या आत तिळाएवढी धातूची खूण ठेवली,
ती पार विरघळलीच
तर जागा सापडावी म्हणून.
त्या रात्री मला त्या तिळाचा केवढा आधार वाटला.
ती नाहीशी होईल असं
कुणीतरी धरून चाललं होतं.

लाल औषधाचे चार डोस झाले.
केस गेले. जाऊ म्हणाली, चांगलं लक्षण,
लागू पडतंय.
माझ्या केसांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

मग दर सोमवारचं दुसरं औषध,
आणि चौथ्या आठवड्यात
बोटांच्या टोकांवर कुणीतरी मेण चढवलं.
स्वेटरचं बटण लागेना.
येर्बाचा पेला गरम की गार
ते ओठ सांगू लागले.

आता पहाटे मी चाचपते
आणि ती लहान वाटते.
खरंच लहान वाटते.
पण चमचाही लहान वाटतो, दाराची कडीही,
नवऱ्याच्या मनगटातली नाडी तर लागतच नाही.
गाठ विरतेय
की तिला ओळखणारं बोट?

वॉशिंग्टनला विचारलं.
जन्मभर मेंढ्या कातरलेला हात
त्याने ठेवला न ठेवला
आणि म्हणाला, "गेली की अर्धी!"
त्याने माझं तोंड तपासलं होतं,
बाकी काही नाही.

रविवारी यामिला आली, माझ्या टेबलावर आता ती बसते.
तिला मीच शिकवलं :
डोळे मिट, मेंढीचा मालक समोर असला
तर त्याच्याकडे बघू नकोस.
मी दार लावलं. ब्लाऊज काढला.
म्हटलं, लोकर समज.
कान लाल झाले तिचे, पण डोळे मिटले.
बराच वेळ.
मग म्हणाली, "आधी कशी होती ते मला माहीत नाही."

बरोबरच होतं.
आधीचं माझ्यापाशी, आत्ताचं तिच्यापाशी,
आणि मधे कुठे टेबल नाही.

मी स्वयंपाकघरात गेले, तशीच, उघडी.
लिंबू मोठं. लसणाचा गड्डा वेडावाकडा.
डब्यातले अक्रोड एकेक उचलून पाहिले,
डोळ्यांनीच, बोटांचा काय भरवसा,
आणि एक निवडला.
"जूनमध्ये ही अशी होती."

डाव्या हातात अक्रोड, उजवा माझ्यावर.
बाहेर कुणाचा तरी कुत्रा
एकाच सुरात भुंकत होता.
तिचा अंगठा फिरला, थांबला, परत फिरला,
मीच शिकवलेला तो परतीचा फेरा,
शंका असली की घ्यायचा.

"मऊ," ती म्हणाली.
लहान?
"ते नाही सांगता येत. मऊ आहे, कडेला."

गुरुवारी सकाळी दहाला
थंडगार जेल लावून यंत्र फिरेल,
आणि आकडा येईल, मिलिमीटरमध्ये.
तोवर माझ्याकडे हा एक शब्द.
लोकरीत त्याला भाव मिळतो.
इथे काय मिळतं, कुणाला विचारू?

अक्रोड यामिला चुकून
खिशात घालून घेऊन गेली.