रेघेच्या अलीकडे

लोणी काढायच्या कारखान्यावर माळा होता, तिथे खेळायचो.
छत बुटकं. उंच फेकलेला चेंडू तुळईला थडकून
खाली यायचा, आणि तोही खेळात धरायचा,
असं दोन्ही गावांनी आधीच ठरवून घेतलेलं.
कोपऱ्यात लोखंडी शेगडी, लालभडक.
ओटिलीच्या दंडाचं कातडं एकदा तिलाच चिकटून राहिलं.
खालून आंबूस वास यायचा सायीचा.
अजूनही कुठे ताक घुसळलं की
माझे गुडघे आपोआप वाकतात.

नॉर्डाल, आयोवा. वस्ती दोनशे अकरा.
फुटबॉलला पुरतील एवढी मुलं नव्हती गावात.
मुली होत्या सहा,
धाप लागणाऱ्या बोर्गहिल्डला धरून.

मोठ्या शहरांतल्या शाळांनी त्या वर्षी ठराव केला होता
की मुलींनी चारचौघांत घाम गाळू नये.
हॅल्व्हरसन मास्तरांनी त्याची प्रत वाचून दाखवली
तेव्हा पहाटे आठ गाई पिळून आलेली हुल्डा
बाकावर डोकं टेकून झोपली होती.
तिला कुणी उठवलं नाही.
मास्तरांनी कागदाची घडी केली
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.

मास्तर भूमितीचे. आयुष्यात चेंडू धरला नव्हता,
खेळ पुस्तकातून शिकवला.
पण रेघ काय सरळ मारायचे!
खडू फासलेली दोरी ताणून, टिचकीसरशी,
माळ्याच्या बरोबर मध्ये.
तिघी पलीकडे, तिघी अलीकडे.
चेंडू दोनदा आपटायचा, तिसऱ्यांदा नाही.
रेघ ओलांडायची नाही.
का, तर मुलींचं काळीज नाजूक,
अख्खं मैदान सोसायचं नाही त्याला.

मी अलीकडची.
अडवायचं, हिसकायचं, पलीकडे द्यायचं.
चार वर्षं खेळले,
आणि माझ्या वाट्याला जी टोपली होती
तिच्यात चेंडू पडू नये हीच माझी नोकरी.

पोस्टमास्तरीणबाई वही ठेवायच्या.
हुल्डाच्या नावापुढे गुणांची रांग.
माझ्यापुढे फक्त चुका: धक्का, धक्का, हात धरला.
आईने एकदा ती वही पाहिली
आणि रात्री बटाटे वाढताना हळूच विचारलं,
"नीट वागत नाहीस का गं तिथे?"

मार्चमध्ये व्हेसेलीला गेलो, दुधाच्या ट्रकमधून,
पायांखाली फडक्यात गुंडाळलेल्या तापल्या विटा.
लोकरी विजारी बोचत होत्या.
सोळा-सोळा.
भिंतीवर घड्याळ नव्हतं,
वेळ बँकेच्या कारकुनाच्या खिशात होती
आणि तो सारखा खिसा चाचपत होता.
त्यांच्या झेल्मा प्रोहाझकाच्या हातातून मी चेंडू काढला,
कसा ते विचारू नका, अंगठ्याचं नख गेलं,
आणि फेकला रेघेपलीकडे, हुल्डाकडे.

मग मला काही कामच उरलं नाही.
बुटांची टोकं रेघेला टेकवून उभी राहिले.
झेल्माही शेजारी तशीच.
तिलाही पलीकडे जाता येत नव्हतं.
कुंपणाशी दोन शेजारणी उभ्या राहाव्यात
तशा आम्ही पाहत होतो.
"पडेल?" तिने विचारलं.
"तिचे पडतात," मी म्हटलं.

पडला.
लोकांनी हुल्डाला खांद्यावर घेतलं.
झेल्माने वेणीची फीत सोडून
माझ्या अंगठ्याला बांधली. परत मागितली नाही.

दर शनिवारी माळा झाडायची पाळी माझी.
लांब झाडू घेऊन शेगडीपासून सुरुवात करायचे,
रेघेपर्यंत यायचे,
आणि तशीच पुढे जायचे,
हुल्डाच्या टोपलीखालून थेट भिंतीपर्यंत,
खडूची धूळ ढकलत.
मास्तर तिथेच वह्या तपासत बसलेले असायचे.
त्यांनी कधी शिट्टी वाजवली नाही.