टवका

पलूसच्या शेडमध्ये, अगदी शेवटच्या हाताला
पटाशी अडकली.
टवका उडाला बाभळीचा,
निबेपासून बोटभर वर.
लेथ बंद केला. गुडघ्यांवर बसून
फरशी चाचपली. सापडला नाही.

इलाहीमामू म्हणाले, त्याचाच भुसा भर,
बाहेरचं काही नको.
भुसा दाबला, फेविक्विकचे दोन थेंब,
वाफ डोळ्यांत गेली.
घासून घासून उरला तो डाग
मसुराएवढा, काळसर.

विट्याच्या नोटरीबाईंनी पेन घेतलं,
पावतीमागे सही करून पाहिली.
अंगठा नेमका त्याच्यावर.
मी किंमत कमी सांगणार, तेवढ्यात म्हणाल्या,
बोट छान बसतंय इथं.
भावासाठी असंच अजून एक करा.

आता दुसरं फिरतंय लेथवर,
एकदम साफ.
पटाशी हातात धरून
मी नुसता उभा.