दुसरा ब्रेक

माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे.
क्लच नाही, स्टिअरिंग नाही,
फक्त ब्रेक.
दारावर 'कुमुद मोटार ड्रायव्हिंग स्कूल, सिडको',
त्यातला 'मोटार'चा र उन्हाने नेला,
पोरं हसतात, कुमुद मोटा.
असू दे.

जानेवारी. सकाळचे साडेसहा.
काचेला आतून वाफ,
खैरनार काका हातमोजे काढायला तयार नाहीत.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं
थप्प्या मोजल्या त्यांनी,
एक नोट इकडची तिकडे नाही,
आणि मुंबई नाक्याच्या तोंडाशी
दोन गाड्यांमधली फट काही मोजता येत नाही.

उजवीकडे बघा, मी सांगते.
आत फिरतोय त्याचा मान पहिला.
आपण दारातले पाहुणे.
"मागचा हॉर्न मारतोय हो मॅडम."
मारू द्या. हॉर्नला चाकं नसतात.

द्राक्षाचे रिकामे क्रेट खडखडवत पिकअप गेली,
मागून सिटीलिंक, बसभर मफलर,
आणि मग एक स्वच्छ मोकळी जागा.
आता, काका.
आता म्हणजे आत्ता.
गेली.

पुढची आली तेव्हा आम्ही शिरलो.
जायचंय द्वारकेला, लांबच्या फाट्याला,
म्हणून आतली लेन, बेटाला धरून, उजवा इंडिकेटर.
इथवर छान.
पण बेटाची एक ओढ असते.
एकदा कडेला लागलात की बाहेर पडणं जिवावर येतं.
द्वारका आली, डावीकडे ट्रक,
काकांनी स्टिअरिंग तसंच झुकवलं
आणि मी दाबला.

रागावले नाही.
ट्रकला खेटून राहू नका एवढंच म्हणाले,
वळणात त्याची मागची चाकं आत येतात,
ती कोणाची ओळख ठेवत नाहीत.
फाटा चुकला? चुकू द्या.
परत फिरा. गोल रस्त्याची हीच तर सोय,
इथे चुकलेला माणूस फक्त उशिरा पोचतो.

दुसरी चक्कर. तिसरी.
चहावाल्याजवळचा हवालदार
आम्हाला आता ओळखीचं हसला.

मला ते दूध आठवतं अशा वेळी.
बरीच वर्षं झाली. माझा एक शिकाऊ, पोरगाच,
आतून थेट बाहेर निघाला आडवा,
आणि माझा पाय अर्धा क्षण उशिरा पडला.
दूधवाला वाचला. गुडघा फुटला, शिव्या शाबूत.
चारही कॅन मात्र रस्त्यावर.
पांढरं दूध डांबरावर पसरलं,
त्यातून गाड्या गेल्या एकामागून एक,
आणि प्रत्येकीने टायरची ओली रेघ ओढली.
त्या दिवशी पहिल्यांदा मला
त्या सर्कलच्या लेन दिसल्या.
किती जण एकमेकांना छेदत होते, तेही दिसलं.
दुपारपर्यंत ऊन आलं, कुत्री आली,
रेघा गेल्या.
माझ्या डोळ्यात आहेत अजून. त्याच शिकवते.

"पोरीने गाडी पाठवून दिली,"
काका मध्येच बोलतात,
"दोन वर्षं कव्हरखाली उभी आहे.
मालती रोज पुसते. आरसेसुद्धा."
मग त्या आरशात बघा की, मी म्हणते.
डावा आरसा. मग खांदा वळवून एकदा, आरसा सगळं सांगत नाही.
डावा इंडिकेटर. बाहेरची लेन. थांबा, स्कूटी आहे.
गेली?

गेली, म्हणाले काका,
आणि चौथ्या फेरीला
आम्ही द्वारकेच्या रस्त्याला लागलो,
इतके सरळ, की दोघंही गप्प.

पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली त्यांनी.
हातमोजे काढले. तळवे ओले.
"चार चकरा झाल्या," ते म्हणाले,
मोजणारा माणूस शेवटी.
मी खाली पाहिलं.
माझा पाय ब्रेकवर नव्हता.
कधी काढला, कोणत्या चकरेला,
मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी पोरगा बाईकवर घ्यायला येतो.
त्याच्यामागे बसते, पिशवी मांडीवर,
आणि प्रत्येक चौकात
हवेतच काहीतरी दाबत राहते.